ॲव्हरेज काय देते?

खान्देशात नवी गाडी दारात आली की नारळ फुटतो, चाकाखाली लिंबू जातं, पेढ्यांचा पुडा फिरतो आणि पेढा अजून गालातच असताना पहिला प्रश्न येतो, "ॲव्हरेज काय देते?" धुळ्याकडचे जिभाऊ असले तर, "कितलं ॲव्हरेज देस, भो?" एअरबॅग किती, सनरूफ उघडतं की नुसतंच दिसतं, या गोष्टी नंतर. मालकाने एक आकडा सांगायचा, ऐकणाऱ्याने त्यातून मनातल्या मनात चार वजा करायचे आणि स्वतःच्या गाडीच्या आकड्यात तेवढेच मिळवून उत्तर द्यायचं, असा हा व्यवहार आहे. जळगावच्या सराफ बाजाराचा शुद्धतेबद्दल मोठा लौकिक. पण तोच सराफ संध्याकाळी स्वतःच्या गाडीच्या ॲव्हरेजबद्दल बोलायला लागला की कसोटीचा दगड पेढीवरच राहिलेला असतो.

त्यामुळे पर्यायी इंधन हा विषय पुण्या-मुंबईत परिसंवादात निघतो तसा आमच्याकडे निघत नाही. आमच्याकडे तो गॅरेजसमोरच्या बाकड्यावर निघतो. पृथ्वीचं तापमान दीड अंशाने वाढणार ही बातमी मे महिन्यात भुसावळच्या माणसाला वाचून दाखवा. तो 46 अंशांतून चालत आलेला असतो; दीड अंश कुठल्या बाजूला, एवढंच विचारेल. गाडी कशावर चालते याचं सोवळं मात्र इथे कधीच कुणी पाळलेलं नाही. पेट्रोलच्या गाडीत पेट्रोल घालावं ही कंपनीची सूचना आहे, आणि सूचना ऐकून घ्यायला आमची कधीच ना नसते.

याला परंपरा आहे. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलवर रेशनिंग आलं तेव्हा देशभर सर्व्हिस मोटारींच्या पाठीला कोळशाच्या भट्ट्या बसल्या. क्लीनरने पहाटे उठून भट्टी पेटवायची, पंखा फिरवायचा, गॅस धरला की ड्रायव्हरने चहाचा कप खाली ठेवायचा. चढ आला की प्रवासी उतरून चालायचे, तिकीट मात्र बसल्याचंच. मग रॉकेलचा जमाना आला. जैन उद्योगसमूहाचे भवरलाल जैन यांनी 1963 मध्ये 7 हजारांच्या भांडवलावर जळगावात धंदा सुरू केला तो हातगाडीवर रॉकेल विकून. पुढे त्यांनी शेतकऱ्याला थेंबाथेंबाने पाणी द्यायला शिकवलं. इतर अनेकांनी रॉकेलचंच ठिबक चालू ठेवलं, रिक्षाच्या टाकीत. रेशनचं रॉकेल ओळखू यावं म्हणून सरकारने त्याला निळा रंग दिला, पण रिक्षाच्या नळीतून ते बाहेर यायचं ते पांढऱ्या धुराच्या रूपाने. मागच्या सायकलवाल्याला निळं-पांढरं काही दिसायचं नाही, कारण तो डोळे पुसत असायचा.

बायोडिझेलची गोष्ट या सगळ्याहून वेगळी आणि जरा सात्त्विक. तिची सुरुवात शेंगदाण्यापासून होते, म्हणजे तसं पाहिलं तर धुळ्यापासूनच व्हायला हवी होती. ती झाली पॅरिसला. 1900 च्या प्रदर्शनात ऑटो कंपनीने रुडॉल्फ डिझेलच्या धर्तीचं एक छोटं इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवलं. इंजिन इतकं सुरळीत चाललं की आत तेल वेगळं आहे हे फारच थोड्या लोकांना कळलं, असं पुढे खुद्द डिझेलनेच लिहून ठेवलं आहे. पॅरिसच्या नाकांचं मला नवल वाटतं. प्रदर्शनात धुळ्याचा एक माणूस असता तर दारातूनच ओरडला असता, "फोडणी करपतेय!"

आता शेंगदाण्याचं तेल इंजिनात चालतं तर आपण ते घालत का नाही, याचं उत्तर आमच्याकडे दुसरीतलं पोरगंही देईल. एक किलो शेंगदाणा तेलाच्या पैशांत जवळपास दोन लिटर डिझेल येतं. म्हणजे गाडीत तेल ओतण्यापेक्षा भाजीत डिझेल ओतणं परवडेल, आणि काही ढाब्यांवर जेवल्यावर हा विचार आपल्याआधी कुणाला तरी सुचला असावा असं वाटतं. शिवाय कच्चं तेल दाट. आजच्या इंजिनाच्या बारीक नोझलमधून ते नीट फवारलं जात नाही, फिल्टर तुंबतो, आत काजळी धरते. ते पातळ करायला त्याच्यावर रासायनिक संस्कार करावे लागतात, आणि संस्कार म्हटलं की घरात एक विद्वान लागतो.

आमच्या घरात भाचा होता. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला त्याला प्रोजेक्ट हवा होता. मित्रांत कुणी ड्रोन उडवत होतं, कुणी कचरा उचलणारा रोबो करत होतं (तो रोबो पुढे सबमिशनच्या दिवशी स्वतःच उचलून न्यावा लागला). भाच्याने वापरलेल्या तेलापासून बायोडिझेल करायचं ठरवलं. कृती त्याने मला पुरणपोळीच्या थाटात सांगितली. "मामा, एक लिटर तेल घ्यायचं. 200 मिली मिथेनॉलमध्ये चार-पाच ग्रॅम कॉस्टिक सोडा विरघळवायचा. तेल 55 ते 60 अंशांवर ठेवून त्यात हे घालायचं आणि तासभर ढवळायचं. रात्रभर ठेवलं की खाली ग्लिसरीन बसतं, वर बायोडिझेल तरंगतं."

"60 अंश?" दाजी म्हणाले. "मग गॅस कशाला पेटवतो? गच्चीवर ठेव."

मिथेनॉल चटकन पेटतं आणि त्याच्या वाफा डोळ्यांना घातक, म्हणून सरांनी प्रयोगशाळेबाहेर काही करायचं नाही असं बजावलं होतं. तेल मात्र घरून आणायचं होतं. इथे पहिली अडचण आली. ताई म्हणाली, "वापरलेलं तेल? आपल्याकडे कुठलं?"

"कुरडया तळल्या त्या कढईतलं."

"त्यात वांगी झाली काल."

"आणि परवाच्या भज्यांचं?"

"त्याच तेलात तर कुरडया तळल्या."

भाच्याला त्या दिवशी प्रथम कळलं की घरात तेलाची निवृत्ती नावाचा प्रकारच नाही. भज्यांतून सुटलेलं तेल कुरडयांत जातं, कुरडयांतून फोडणीत, फोडणीतून उरलं तर थालीपिठाच्या तव्यावर, आणि तिथूनही वाचलेला शेवटचा चमचा फाटकाच्या बिजागरीला. शेवटी चार घरं फिरून, कुणाचा साखरपुडा, कुणाचं बारसं गाठून त्याने लिटरभर तेल जमवलं. काळंभोर, तळाशी मिरचीच्या बिया आणि ओव्याचे दाणे. वास घेऊन ताईने कुणाच्या घरची भजी तेही सांगितलं.

पहिल्या घाण्याला बायोडिझेल झालं नाही. साबण झाला. हे शास्त्राला धरून आहे. वापरलेल्या तेलात भज्यांनी सोडलेलं पाणी असतं, पुनःपुन्हा तापून सुटी झालेली आम्लं असतात. ती असली की सोडा आपलं ठरलेलं काम टाकून आधी त्यांच्याशी साबण जमवतो. भाचा बरणी घेऊन घरी आला तेव्हा आत पिवळसर, घट्ट, दह्याच्या कवडीसारखं काहीतरी होतं. त्याचा चेहरा पडलेला. ताईने झाकण उघडलं, काडीने थोडं कढईच्या काठावर लावलं, पाणी सोडलं, घासणी फिरवली. फेस आला. तळव्याला जरा झोंबलं, पण काठावरचा तीन पिढ्यांचा थर हलला.

"अरे, हे चांगलं आहे की!" ती म्हणाली. "पुढच्या वेळी थोडं जास्त कर."

दाजींचा मुद्दा वेगळा. ते अमळनेरचे. 1945 मध्ये अमळनेरला वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स नावाची कंपनी निघाली. वनस्पती तूप आणि कपडे धुण्याचा साबण हा तिचा धंदा. तीच पुढे विप्रो झाली. ज्यांनी त्या काळी हौसेने किंवा भिडेने चार शेअर घेऊन ट्रंकेत टाकले त्यांची पोरं-नातवंडं कोट्यधीश झाली, हे अमळनेरचं पोरगंन् पोरगं सांगतं. ज्यांच्या आजोबांनी घेतले नाहीत तीही सांगतात, जरा जास्त वेळ. दाजी दुसऱ्या गटातले. त्यामुळे तेलातून साबण निघाला हे पाहून ते निराश झाले नाहीत. "आधी साबणच निघतो," ते गंभीरपणे म्हणाले. "धीर धर."

दुसऱ्या खेपेला भाच्याने तेल गाळून, तापवून पाणी उडवलं, त्यातलं आम्ल मोजून सोड्याचं माप ठरवलं, आणि अर्ध्या लिटरच्या वर सोनेरी, पातळ द्रव मिळवला. तो धुऊन वाळवून झाल्यावर दाजींच्या शेतातल्या विहिरीवरच्या जुन्या डिझेल इंजिनात ओतला. हँडल मारलं, इंजिन दोनदा खोकलं आणि लागलं. धडधड नेहमीची, धूर कमी, वास मात्र सगळ्या शिवारात बटाटेवड्याचा. निंदणीच्या बायका हातातला विळा ठेवून बांधाकडे बघायला लागल्या. सालदार येऊन म्हणाला, "कोन पाव्हने उनात का?" पाहुणे नाहीत, वडे नाहीत, नुसतं पाणी चाललंय हे कळल्यावर शेतावर जी उदासी पसरली तिचं मोजमाप कुठल्याही प्रकल्प अहवालात नाही. दाजींना त्या दिवशी सगळ्यांसाठी गावातून भजी मागवावी लागली. बायोडिझेलमध्ये डिझेलपेक्षा ऊर्जा आठ-नऊ टक्के कमी असते, असं पुस्तकात आहे. भज्यांचा खर्च धरला तर ती तूट बरीच वाढते.

मला वाटतं, बायोडिझेलचं खान्देशात का जमलं नाही याचं खरं कारण ताईच्या स्वयंपाकघरातच आहे. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 2018 मध्ये नियम लागू केला की तळणीच्या तेलातली ध्रुवीय संयुगं 25 टक्क्यांच्या वर गेली की ते तेल खाण्यात वापरायचं नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये असं तेल गोळा करून बायोडिझेल करण्याची योजनाही आणली. योजना उत्तम. तब्येतीला बरी, हवेला बरी, आयात खनिज तेल वाचवणारी. फक्त तिच्या मुळाशी एक समजूत आहे: तळून झाल्यावर तेल उरतं. ही समजूत बाळगणाऱ्याने धुळ्याची शेवभाजी खाल्लेली नाही. शेवभाजीत तेल हा घटक नसून पृष्ठभाग असतो. वाटी पुढ्यात आली की गिऱ्हाईक आधी तवंगात ट्यूबलाइटचं प्रतिबिंब दिसतं का बघतं, आणि नाही दिसलं तर पोऱ्याला हाक मारून "वरून तर्री मार" म्हणतं. भरिताच्या वांग्याला तेल कमी पडलं तर घरच्या बाईला बरं नाही का, अशी चौकशी होते.

सावदा-फैजपूरच्या रस्त्याला केळीच्या वेफर्सच्या भट्ट्या लागतात. तिथे मी मुद्दाम थांबून पाहिलं. हिरवं केळं सोलून पाण्यात टाकलेलं. माणूस किसणी थेट कढईवर धरतो आणि हात असा चालवतो की चकत्या सरळ उकळत्या तेलात पडतात, एकीला दुसरी चिकटत नाही. त्याची बोटं पात्यापासून किती लांब आहेत हे आपण बघतो, तो रस्त्यावरची गाडी थांबते का ते बघतो. चकत्या खुळखुळायला लागल्या की मिठाचं पाणी चमच्याने तेलातच सोडतो. तडतड होते, वाफ उठते, आपण दोन पावलं मागे होतो, तो नाही. मी विचारलं, "दादा, संध्याकाळी हे तेल काय करता?"

"काय म्हणजे? झाकण ठेवतो."

"आणि सकाळी?"

"झाकण काढतो."

कमी झालं की वर नवं ओतायचं, बस. कढई भट्टीवर चढल्यापासून तळापर्यंत रिकामी झालेली कुणी पाहिली नव्हती. ध्रुवीय संयुगांचं यंत्र घेऊन कुणी आलाच तर त्याने नेमक्या कुठल्या वर्षाच्या तेलात ते बुडवायचं? वापरलेलं तेल नेणाऱ्या एका माणसाची गाडी अधूनमधून येते म्हणे. तो चांगला भाव देतो. पण पलीकडच्या गल्लीतला भजीवाला त्याहून दोन रुपये जास्त देतो, आणि रोख.

न खायच्या तेलाकडे तर सरकारने त्याच्या बरंच आधी मोर्चा वळवून पाहिला होता. 2003 च्या सुमारास नियोजन आयोगाच्या समितीच्या अहवालानंतर जट्रोफाची लाट आली. जट्रोफा म्हणजे आपला मोगली एरंड, चंद्रज्योत. पडीक जमिनीत येतो, पाणी मागत नाही, खत मागत नाही, आणि गुरं-शेळ्या त्याला तोंड लावत नाहीत, असं सांगत अधिकारी आणि रोपवाटिकावाले गावोगाव फिरले. शेवटचा गुण ते विशेष भर देऊन सांगत. त्यावर आमच्या जिभाऊंनी जे म्हटलं ते मला आजही पटतं: "जे बकरी खात नही, ते मी कसाले लावू?" शेळी बाभळीचे काटे खाते, निवडणुकीची पत्रकं खाते, दोरीवरचं धोतर खाते. तिने एका पानाला तोंड लावून मान फिरवली याचा अर्थ लावायला अहवालाची गरज नव्हती. पडीक जमिनीत एरंड पडीकच राहिला. बिया धरायच्या तर त्यालाही पाणी-खत लागतं हे हळूहळू उघड झालं. बिया विषारी, त्यामुळे पोरांनी खाल्ल्या आणि दवाखान्यात न्यावं लागलं अशा बातम्या महाराष्ट्रात वरचेवर येतात. 2009 च्या जैवइंधन धोरणात 2017 पर्यंत 20 टक्के मिश्रणाचं लक्ष्य होतं. 2017 उलटलं तेव्हा बायोडिझेलचं मिश्रण 1 टक्क्यालाही पोचलं नव्हतं. मग 2018 च्या धोरणाने बायोडिझेलपुरतं नवं लक्ष्य दिलं: 2030 पर्यंत 5 टक्के. नापास झालेल्या पोराला वरच्या वर्गात घालून पास होण्याची टक्केवारी खाली आणायची, ही पद्धत आमच्या ओळखीची असल्याने कुणाला धक्का बसला नाही. जिभाऊंच्या शेजाऱ्याने लावलेली रोपं आता चांगली वाढली आहेत. कुंपण म्हणून उत्तम. शेळी येत नाही.

मधल्या काळात महामार्गावर भलतंच बायोडिझेल अवतरलं. धुळ्यात मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग एकमेकांना छेदतात, त्यामुळे देशात ट्रकवाल्यांसाठी जे काही नवं निघतं ते आमच्याकडे लवकर पोचतं. 2020-21 मध्ये डिझेल नव्वदीकडे निघालं तशा ढाब्यांच्या मागे ताडपत्रीआड टाक्या उभ्या राहिल्या, वर पाटी, भाव डिझेलपेक्षा बराच कमी. कायदा स्पष्ट होता: केंद्राच्या 2019 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार बायोडिझेल डिझेलमध्ये मिसळण्यासाठीच विकायचं, तेही नोंदणी करून, ठरलेल्या दर्जाचं. टाकीत बहुतेक ठिकाणी औद्योगिक तेलं आणि सॉल्व्हंटची भेसळ निघायची. वनस्पतीशी त्याचा संबंध इतकाच, की टाकी लिंबाच्या झाडाखाली असायची. महसूल आणि पोलीस खात्याचे छापे पडले, राज्याने 2021 मध्ये परवान्याचं धोरण आणलं. एका ड्रायव्हरला मी विचारलं, की अरे, याने पंप जातो, नोझल जातात, मग भरतोस कशाला? त्याने माझ्याकडे दयेने पाहिलं. "साहेब, इंजिन शेठचं. वाचलेले पैसे माझे."

घरगुती गॅसच्या टाकीवर व्हॅन चालवण्याबद्दलही खूप काही गमतीचं लिहिता आलं असतं. लाल टाकी मागच्या सीटखाली, वर सतरंजी, सतरंजीवर शाळेची पोरं, ही दृश्यं आम्ही सगळ्यांनीच हसत पाहिली. नोव्हेंबर 2024 मध्ये जळगावात इच्छादेवी चौकाजवळ व्हॅनमध्ये असाच बेकायदा गॅस भरताना स्फोट झाला, माणसं होरपळली, गेली. तेव्हापासून हसू येत नाही. पुढे जाऊ.

कायदेशीर गॅस म्हणजे सीएनजी. त्याने ॲव्हरेजचा प्रश्न सोडवला आणि डिकीचा निर्माण केला. कंपन्यांचे अभियंते डिकीचं माप लिटरमध्ये सांगतात. खान्देशात डिकीचं माप आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला कळतं. आखाजीला लेक माहेरी येते तेव्हा ती एका बॅगेवर येते. जाताना तिच्याबरोबर पापडाचा डबा, कुरडयांचं पोतं, काळ्या मसाल्याची बरणी, बामणोदची वांगी, कळण्याच्या पिठाची पिशवी, आंब्याची पेटी आणि "राहू दे गं, जागा आहे" म्हणून आईने ऐन वेळी कोंबलेला केळीचा एक घड असतो. सीएनजी किट बसवलेल्या गाडीची डिकी जावई मोठ्या अभिमानाने उघडतो तेव्हा आत एक लांबलचक टाकी आडवी निजलेली असते. सासूबाई क्षणभर काही बोलत नाहीत. मग विचारतात, "ही काढता येत नाही का, दोन दिवस?" शेवटी केळीचा घड लेकीच्या मांडीवर, वांगी पायाशी, आंब्याची पेटी दोन पोरांच्या मधे, आणि गाडी कमी प्रदूषण करत निघते. आतला आंबा-मसाल्याचा वास मोजायची सोय पीयूसी केंद्रात नाही.

पुढे पंपावर रांग. नियमाप्रमाणे गॅस भरताना सगळ्यांनी खाली उतरायचं. बाहेर 45 अंश. आजीबाईंना धरून उतरवायचं, पोराला चप्पल सापडत नाही, घड कुणी धरायचा यावर चर्चा. तेवढ्यात नंबर येतो आणि पंपावरचा मुलगा सांगतो, "प्रेशर नाही." उन्हाळ्यात तापलेल्या टाकीत गॅस वजनाने कमी बसतो हे शास्त्र त्याला कुणी शिकवलेलं नसतं, पण "दुपारी येऊ नका, पहाटे या" एवढं तो सांगतो, आणि ते बरोबर असतं. म्हणून आता आमच्या कॉलनीत पहाटे चारला उठून फिरायला जाणारे आणि गॅस भरायला जाणारे यांची फाटकाशी गाठ पडते. पहिल्यांची शुगर कमी होते, दुसऱ्यांची झोप.

पेट्रोलवर राहिलेल्यांना वाटलं होतं आपण सुटलो. त्यांच्या टाकीत न विचारता 20 टक्के इथेनॉल आलं. नीती आयोगाच्या 2021 च्या अहवालातच लिहिलेलं आहे की जुन्या पद्धतीच्या चारचाकीचं ॲव्हरेज याने सहा-सात टक्क्यांनी घटू शकतं. दिल्लीत तो आकडा वाचून लोक पुढचं पान उलटतात; आमच्याकडे त्यावर सोयरिकी अडतील. खान्देशातल्या बऱ्याच सहकारी साखर कारखान्यांच्या चिमण्या थंड पडल्यात, पण मक्यापासूनही इथेनॉल होतं आणि मका आमच्याकडे भरपूर. त्यामुळे दाजी मक्याला भाव आला की इथेनॉलच्या बाजूने बोलतात, मोटारसायकलला किक मारताना विरुद्ध, आणि दोन्ही मतं ते एकाच सकाळी देऊ शकतात.

राहिली बॅटरीची गाडी. जिभाऊंच्या मुलाने गेल्या वर्षी विजेवरची स्कूटर आणली. तिची वीज कुठली, हे विचारायला जिभाऊ गेले नाहीत. साक्रीला सौर प्रकल्प आहे, ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या फिरतात आणि भुसावळच्या दीपनगरात कोळसा जळतो, हे त्यांना ठाऊक आहे. त्यांचं लक्ष दुसरीकडे होतं. ॲव्हरेज विचारायची सोय नव्हती, कारण लिटर कुठे ओतायचाच नव्हता, म्हणून ते दोन दिवस जरा अस्वस्थ होते. तिसऱ्या दिवशी त्यांना साडेसात हॉर्सपॉवरपर्यंतच्या शेतीपंपांना मोफत वीज देणारी 2024 ची योजना आठवली. त्यांनी स्कूटरचं माहितीपत्रक चष्मा लावून वाचलं, पोराकडून मोटरच्या किलोवॅटचे हॉर्सपॉवर करून घेतले, स्कूटर शेतात नेली, विहिरीवरच्या खोलीत स्टार्टरच्या पेटीशेजारी उभी केली आणि वायरमनला बोलावणं धाडलं.

वायरमन आला. त्याने स्कूटरभोवती एक फेरी मारली, माहितीपत्रक वाचलं, बोटाने आकडा दाबून धरला.

"मोटर साडेसातच्या आत शे, हाई खरं," तो म्हणाला. "पन जिभाऊ, हाई पानी कितलं काढस?"